हरिकेनच्या मोसमात घरगुती पाळणाघर : बंद कधी करावे, मुले कोणाच्या हवाली करावीत आणि पुन्हा कसे उघडावे?

मृण्मयी_टॅम्पा :

नमस्कार. फ्लोरिडात टॅम्पाच्या उपनगरात मी परवाना असलेले घरगुती पाळणाघर चालवते. माझ्याकडे सहा मुले येतात. त्यांतली दोन अजून वर्षाचीही झालेली नाहीत, आणि सहांपैकी चार मराठी घरांतली आहेत. अटलांटिकमधील हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा, मोसम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरला जातो, म्हणजे निम्मे वर्ष हवामानाच्या बातम्यांकडे लक्ष ठेवूनच काम करावे लागते. परवाना मिळाल्यानंतरचा हा माझा पहिला मोसम आहे. त्यामुळे अशा काळात ज्यांनी पाळणाघर किंवा बालवाडी चालवली आहे, किंवा ज्यांची मुले अशा ठिकाणी होती, त्यांच्याकडून मला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

कागदावरचा आराखडा माझ्याकडे आहे. बालसंगोपनाच्या केंद्रीय अनुदानाचा कायदा २०१४ साली नव्याने मंजूर झाला, तेव्हापासून त्या अनुदानाशी जोडलेल्या पाळणाघरांनी मुलांना दुसरीकडे हलवणे, आहे त्या जागी सुरक्षित थांबणे, पालकांशी संपर्क ठेवणे, मुले त्यांच्या हवाली करणे आणि संकटानंतर काम चालू ठेवणे यांबद्दल लेखी तरतूद करावी लागते. तान्ह्या मुलांचा, अपंग मुलांचा आणि दीर्घ आजार असलेल्या मुलांचा त्यात वेगळा विचार करायचा असतो. ते सर्व रकाने मी भरले आहेत आणि तपासणीत ते मान्यही झाले. परंतु २०२४ साली २६ सप्टेंबरला हेलीन आणि ९ ऑक्टोबरला मिल्टन अशी दोन वादळे पाठोपाठ आली, तेव्हा या भागातील पालकांची जी धावपळ मी पाहिली, तिचा त्या रकान्यांशी फारसा मेळ बसत नाही.

माझी पहिली अडचण बंद करण्याच्या वेळेची आहे. माझे घर कोणत्याही स्थलांतर विभागात येत नाही, पण दोन कुटुंबे उपसागराजवळ ‘ए’ विभागात, म्हणजे सर्वांत आधी रिकाम्या कराव्या लागणाऱ्या भागात, राहतात. शिवाय दोन मुलांच्या आया रुग्णालयात काम करतात आणि वादळाच्या दिवशीही त्यांना कामावर हजर राहावे लागते. तेवढा एक दिवस मूल तुमच्याकडेच राहू द्या, असे त्यांनी आताच सुचवले आहे. दुसरी अडचण तान्ह्या मुलांच्या दुधाची आणि औषधांची. तिसरी, बंद काळातल्या शुल्काची, ज्याविषयी बोलायला मला संकोच वाटतो. आणि शेवटची, वादळात घराचे नुकसान झालेच तर पाळणाघर पुन्हा उभे करण्यासाठी मदत कोठून मिळते, ही. माझे यजमान एच-वन-बी व्हिसावर आहेत, मी एच-फोरवर (त्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे आणि आमची मुलगी येथे जन्मलेली आहे, हेही सांगून ठेवते, कारण त्यामुळे उत्तर बदलत असावे.


शुगरलँडची_मावशी :

मृण्मयीताई, ह्यूस्टनजवळ शुगरलँडला मी बरीच वर्षे बालवाडी चालवली, म्हणून बंद करण्याच्या वेळेबद्दल आणि मुले हवाली करण्याबद्दल लिहिते. माझ्या मते बाकीची सारी तयारी या पहिल्या निर्णयावर उभी असते. हरिकेन भूकंपासारखे न सांगता येत नाही; त्याची चाहूल कित्येक दिवस आधी लागते. त्यामुळे वादळाच्या वेळी मुले पाळणाघरात अडकून पडली, तर आराखडा कितीही देखणा असला तरी तो फसला असेच मानावे लागेल.

वेळ ठरवताना वादळाचे केंद्र किनाऱ्याला कधी लागणार, ही दूरचित्रवाणीवर सतत सांगितली जाणारी वेळ धरू नका. त्याच्या कित्येक तास आधी ताशी ३९ मैल व त्याहून अधिक वेगाचे वारे सुरू होतात, आणि एकदा ते सुरू झाले की पूल व उघडे रस्ते धोक्याचे होतात. पुढे ते बंदही केले जातात. राष्ट्रीय हरिकेन केंद्राची ‘वॉच’ ही सूचना असे वारे अपेक्षित असलेल्या वेळेच्या साधारण ४८ तास आधी निघते आणि ‘वॉर्निंग’ ३६ तास आधी. माझा नियम असा होता की वॉच निघताच सर्व पालकांना लेखी कळवायचे, आणि वॉर्निंग निघाली की तो दिवस संपवून बंद करायचे; ती रात्री निघाली तर दुसऱ्या दिवशी दार उघडायचेच नाही. ‘ए’ विभागातल्या कुटुंबांना मात्र याहून आधी मोकळे करावे लागते. स्थलांतराचा आदेश निघाला की त्यांना सामान बांधून, गाडीत इंधन भरून, सगळे शहर रस्त्यावर उतरण्याआधी निघायचे असते. २००५ साली रिटा वादळाच्या वेळी ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक एकदम निघाले आणि महामार्गांवर गाड्या तासन्‌तास जागच्या हलल्या नाहीत. त्या स्थलांतरात शंभराच्या आसपास माणसे दगावली. लहान मूल मागच्या आसनावर घेऊन तशा रांगेत अडकणे काय असते, हे आमच्या पिढीतल्या पालकांना सांगावे लागत नाही.

पुष्कळ पाळणाघरे काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शाळा बंद झाल्या की आपणही बंद करतात. बंद करण्यापुरता हा संकेत चांगला आहे, कारण फ्लोरिडात शाळांच्याच इमारती निवारा म्हणून वापरल्या जातात आणि त्या तयार करण्यासाठी शाळा लवकर सोडतात. उघडण्यासाठी मात्र तो संकेत वापरू नये. शाळेत वीज आली म्हणून तुमच्या गल्लीत आली असे होत नाही.

वादळाच्या श्रेणीवरही फार विसंबू नका. ती श्रेणी केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरते. समुद्राचे पाणी किती चढेल आणि पाऊस किती पडेल हे ती सांगत नाही, आणि माणसे अधिक मरतात ती पाण्याने. हार्वी २५ ऑगस्ट २०१७ रोजी रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागले तेव्हा चौथ्या श्रेणीचे होते, पण ह्यूस्टन बुडाले ते त्यानंतरच्या दिवसांतल्या पावसाने. टेक्सासमध्येच नेदरलँड या गावी ६० इंचांहून अधिक पावसाची नोंद झाली. उलट जुलै २०२४ मधले बेरिल अवघ्या पहिल्या श्रेणीचे, तरी २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि ऐन उन्हाळ्यात काही भागांत ती आठवडा उलटूनही आली नाही. तुमच्याच भागात हेलीनचे केंद्र शंभराहून अधिक मैल दूर समुद्रातून पुढे गेले, तरी पिनेलास काउंटीत खाऱ्या पाण्याने घरे भरली. मिल्टन बरेच जवळून गेले, पण तेव्हा टॅम्पा उपसागराचे पाणी उलट बाहेर समुद्राकडे ओढले गेले आणि सेंट पीटर्सबर्गला १८ इंचांहून अधिक पावसाने झोडपले. स्थलांतराचे ‘ए’, ‘बी’ हे विभाग समुद्राच्या फुगवट्यावरून आखलेले असतात. विम्यासाठी वापरला जाणारा पुराचा नकाशा निराळा असतो. तुमचे घर पहिल्या नकाशात नाही, एवढ्यावरून पावसाचे पाणी घरात शिरणार नाही असा निष्कर्ष काढू नये. दोन्ही नकाशांवर तुमचा आणि प्रत्येक मुलाच्या घराचा पत्ता एकदा पाहून ठेवा.

रुग्णालयात काम करणाऱ्या मातांना नकार देणे जड जाईल, तरीही द्यावा. वादळात थांबणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे रुग्णालये आधीच ठरवतात आणि काही ठिकाणी त्यांच्या मुलांची सोयही करतात. ती आहे का, हे त्या मातांनी मोसमाआधी विचारून घ्यावे, नसेल तर सुरक्षित विभागातला नातेवाईक किंवा स्नेही ठरवून ठेवावा. त्या रात्री तुम्हालाच घर सोडावे लागले तर दुसऱ्याचे मूल तुमच्या गाडीत असेल, त्याची आई बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीवर असेल आणि फोन लागत नसेल. त्या अवस्थेत परवाना व विमा तुमच्या मागे उभा राहील, अशी आशा मी धरणार नाही. अचानक मुलांना जागच्या जागी थांबवण्याची वेळ येऊ शकते ती टॉर्नेडोमुळे. मिल्टन पश्चिम किनाऱ्याला लागण्याच्या काही तास आधी राज्याच्या पार पूर्व किनाऱ्यावर, सेंट लुसी काउंटीत, त्याच्या बाहेरच्या पट्ट्यांतून उठलेल्या टॉर्नेडोने माणसे मारली. म्हणून खिडकी नसलेली आतली खोली ठरवा आणि सहाही मुलांना घेऊन तिथे बसण्याचा सराव करा. दोन तान्ही मुले दोन हातांत घेतल्यावर उरलेल्या चौघांचे काय करायचे, हे सरावातच कळते.

हवाली करण्याबद्दल सांगायचे तर, २००५ मधील कॅटरिना आणि रिटा या वादळांनंतर हरवलेली किंवा पालकांपासून तुटलेली म्हणून ५,००० हून अधिक मुलांची नोंद झाली होती आणि त्यांतले शेवटचे मूल आपल्या माणसांत परत जायला मार्च २००६ उजाडला. यासाठी प्रत्येक मुलाचे एक कार्ड करा : फोटो, जन्मतारीख, ॲलर्जी, औषधे, पालकांचे क्रमांक आणि राज्याबाहेरच्या एका नातेवाइकाचा क्रमांक. वादळग्रस्त भागातले फोन एकमेकांना लागत नाहीत तेव्हाही दूरच्या राज्यातल्या माणसाला लघुसंदेश पोहोचतो, आणि दोन्ही बाजूंनी त्याच्याकडेच निरोप ठेवता येतात. आपल्या घरांत आणखी एक भर घालावी लागते. दोन वर्षांच्या मुलीला नाव विचारले तर ती ‘चिऊ’ असे सांगते आणि आईचे नाव ‘आई’ असेच सांगते. निवाऱ्यातल्या अमेरिकी स्वयंसेवकाला त्यातून काहीच कळणार नाही. कार्डावर पासपोर्टवरचे नाव आणि घरातले हाकेचे नाव, दोन्ही इंग्रजीत लिहा, आणि मूल कोणती भाषा बोलते तेही लिहा. मूल नेण्यास कोण कोण अधिकृत आहे, ती यादी निदान तीन माणसांची असावी, त्यांतला एक तरी वेगळ्या स्थलांतर विभागातला असावा, आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोणाच्याही हाती मूल देऊ नये, मग तो माणूस गणेशोत्सवात रोज भेटणारा का असेना.


परिचारिका_ओरलँडो :

मी बालरोग विभागात परिचारिका आहे, म्हणून दूध, औषधे आणि नंतरची स्वच्छता यांबद्दल लिहिते.

वरचे दूध पिणाऱ्या बाळांसाठी वादळाच्या साठ्यात भुकटीऐवजी तयार द्रवरूप फॉर्म्युला ठेवावा, कारण त्यात पाणी मिसळावे लागत नाही आणि पाण्याचीच शाश्वती नसते. शक्य तर एका वेळेला संपेल एवढ्या लहान बाटल्या घ्याव्यात. मोठी बाटली उघडली आणि शीतकपाट बंद असले तर उरलेले दूध टाकावे लागते. बाळाने तोंड लावलेली बाटली तासाभरानंतर वापरू नये. आईचे काढलेले दूध खोलीच्या तापमानाला सुमारे ४ तास आणि शीतकपाटात ४ दिवसांपर्यंत चालते. वीज गेल्यावर शीतकपाटाचे दार उघडले नाही तर आतला गारवा सुमारे ४ तास टिकतो, भरलेल्या फ्रीझरचा सुमारे ४८ तास आणि अर्ध्या भरलेल्याचा २४ तास. गोठवलेल्या आईच्या दुधात बर्फाचे कण शिल्लक असतील तर ते पुन्हा गोठवता येते, ही गोष्ट पुष्कळ मातांना ठाऊक नसते आणि चांगले दूध ओतून दिले जाते. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन या हिशेबाने किमान तीन दिवसांचे ठेवावे असे सर्वत्र सांगतात. फ्लोरिडात सात दिवसांचे ठेवणे अधिक शहाणपणाचे. बाटल्या धुण्याचे पाणी या हिशेबात बसत नाही, ते वेगळे धरा.

मोठ्या मुलांच्या खाण्याबाबत मराठी घरांना एक सूचना करते. चूल विजेची असेल तर वीज गेल्यावर खिचडी, पेज, उपमा यांतले काहीच होत नाही, आणि मग हाताशी असलेला फराळाचा डबा उघडला जातो. चार वर्षांखालच्या मुलांना शेंगदाणे असलेला चिवडा, अख्खे काजू किंवा चिक्की देऊ नये. घशात अडकण्याचा धोका असतो, आणि त्या दिवशी रुग्णवाहिका येईलच असे नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको. मऊ फळांचे डबे, कोरडी बिस्किटे, दुधाची न उघडलेली खोकी आणि दाबून खाण्याच्या प्युरीच्या पिशव्या यांवर दोनतीन दिवस निघतात.

दम्याच्या मुलाचा नेब्युलायझर विजेवर चालतो. त्याच्या पालकांनी बॅटरीवरचे यंत्र घ्यावे किंवा स्पेसरसह (इनहेलरला जोडायच्या नळीसह) इनहेलर कसा द्यायचा हे डॉक्टरांकडून शिकून ठेवावे. पाळणाघरात ठेवलेली औषधे बंद करण्याच्या दिवशी मुलाबरोबर घरी गेलीच पाहिजेत. ही साधी गोष्ट गडबडीत राहून जाते, आणि मग इनहेलर एका कुलूपबंद घरात आणि मूल दोनशे मैलांवर, अशी स्थिती होते.

जनरेटर घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीजवळ लावू नये. घरापासून किमान २० फूट दूर, धूर घराकडे येणार नाही असा लावावा आणि कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा गजर घरात असावा. या वायूला वास नसतो, आणि झोपलेल्या मुलाला विषबाधा झाली आहे हे जागे असलेल्या मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. गॅरेजचे दार उघडे ठेवले म्हणजे चालते, हा समज खोटा आहे.

पाणी ओसरल्यानंतरच्या साफसफाईत मुले आसपास असू नयेत, ‘नुसती खेळत बसतील’ या सबबीवरसुद्धा नाही. पुराच्या पाण्यात मैला, इंधन आणि रसायने मिसळलेली असतात. कापडी खेळणी, गाद्या, गालिचे, पुठ्ठ्याची पुस्तके आणि लाकडी ठोकळे असे जे जे पाणी शोषते, ते पुरात भिजले असेल तर टाकून द्यावे. कडक प्लॅस्टिकची खेळणी आधी साबणाने धुऊन मग ५ गॅलन पाण्यात १ कप घरगुती ब्लीच या प्रमाणातल्या द्रावणाने निर्जंतुक करावीत, आणि ब्लीच दुसऱ्या कोणत्याही साफसफाईच्या द्रवात मिसळू नये. भिंती आणि जमीन २४ ते ४८ तासांत कोरडी झाली नाही तर बुरशी धरते. घर १९७८ च्या आधीचे असेल तर भिंती फोडताना शिशाच्या रंगाची धूळ उडण्याची शक्यता असते. रांगणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ही धूळ बुरशीहूनही वाईट. अंगणातल्या वाळूच्या खड्ड्यातली वाळू पूर्ण बदलावी. पाण्यात बुडालेली कारसीट तर स्वच्छ दिसली तरी पुन्हा वापरू नये.

वादळानंतर मुले काही काळ मागे जातात. शी-शू सांगणारे मूल पुन्हा कपडे ओले करते, एकटे झोपणारे मूल आईला सोडत नाही, आणि पाळणाघरात सोडताना होणारे रडणे नव्याने सुरू होते. बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात, पण त्यासाठी जेवणाच्या, झोपेच्या आणि गाण्याच्या वेळा पूर्वीसारख्या झाल्या पाहिजेत. म्हणूनच पाळणाघर लवकर उघडणे हा मुलांच्या बाबतीत उपचाराचाच भाग आहे असे मी मानते. ठोकळ्यांचे घर बांधून ते ‘वाऱ्याने’ पाडण्याचा खेळ मुले पुन्हा पुन्हा खेळतील. तो थांबवू नका. थांबवायची ती दूरचित्रवाणी. तीनचार वर्षांच्या मुलाला तीच दृश्ये दहा वेळा दिसली की वादळ दहा वेळा आले असे वाटते.


डोंगरातली_सई :

मी नॉर्थ कॅरोलायनात, ॲशव्हिलच्या परिसरात राहते आणि एका लहान बालवाडीचे हिशेब पाहते. समुद्रापासून शेकडो मैल दूर, दोन हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या या शहरात हरिकेनची तयारी कोणी करत नसे. हेलीनच्या पावसाने पाणीपुरवठ्याच्या मुख्य वाहिन्याच वाहून गेल्या. नळाला पाणी परत आले ते ऑक्टोबरच्या मध्याला, आणि ते पिण्यायोग्य असल्याचे जाहीर झाले १८ नोव्हेंबरला. पाळणाघराच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो तो पाहा. छप्पर शाबूत, वीज आलेली, कर्मचारी हजर, आणि तरीही हात धुण्याला, डायपर बदलण्याच्या जागेला व शौचालयाला पाणी नाही म्हणून मुले घेता येत नाहीत. पर्यायी पाण्याची व्यवस्था आरोग्य व परवाना कार्यालयांकडून मान्य करून घ्यावी लागते. पालकांना मात्र कामावर बोलावणे आलेले असते. रुग्णालये, दुकाने आणि खुद्द वीज दुरुस्त करणाऱ्या कंपन्या यांतली माणसे घरी अडकतात, कारण मुलाला सांभाळायला कोणी नसते. तेव्हा परवाना देणाऱ्या कार्यालयाला दोन गोष्टी मोसमाआधीच विचारा : पाण्याविना किंवा विजेविना कोणत्या अटींवर उघडता येते, आणि घर राहण्यायोग्य नसेल तर तात्पुरत्या दुसऱ्या जागेत, समजा एखाद्या मंदिराच्या किंवा चर्चच्या सभागृहात, चालवण्याची परवानगी कशी मिळते.

पैशांच्या बाबतीत भ्रम ठेवू नका. सार्वजनिक सोयींच्या दुरुस्तीसाठी फेमा (केंद्र सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था) जी मदत देते, ती विना-नफा बालसंगोपन केंद्रांना मिळू शकते. नफ्यासाठी चालणाऱ्या पाळणाघरांना नाही, आणि घरगुती पाळणाघर सहसा दुसऱ्या प्रकारात येते. अशा व्यवसायांना लघुउद्योग प्रशासनाच्या आपत्ती कर्जाकडे पाठवले जाते. मालमत्तेच्या नुकसानीसाठी एक कर्ज असते आणि बुडालेल्या उत्पन्नाच्या काळात खर्च भागवण्यासाठी दुसरे. पहिल्याची मुदत आपत्ती जाहीर झाल्यापासून साधारण ६० दिवसांची, दुसऱ्याची सुमारे नऊ महिन्यांची. दोन्ही व्याजासह फेडावी लागतात आणि पात्रतेच्या अटी असतात. आधीच तोट्यात चालणाऱ्या पाळणाघराने कर्ज काढून भिंती बांधाव्यात का, हा प्रश्न सरकारी पत्रकात कोठेच नसतो. आमच्या भागातली काही पाळणाघरे उघडली नाहीत, ती इमारत पडली म्हणून नव्हे, तर हा हिशेब जमला नाही म्हणून.

त्यामुळे विम्याकडे आताच पाहा. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान येत नाही. राष्ट्रीय पूर विमा योजनेचा विमा स्वतंत्र घ्यावा लागतो आणि तो लागू होण्यास सामान्यतः ३० दिवस लागतात, म्हणजे वादळाला नाव मिळाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. घराच्या विम्यात व्यवसायाच्या सामानाला फार थोडे संरक्षण असते. पाळणे, खेळणी, बाहेरची घसरगुंडी हे व्यवसायाचे सामान धरले जाईल. विमा कंपनीला पाळणाघराची लेखी कल्पना दिलेली आहे ना, हेही तपासा. आज एक काम करा : प्रत्येक खोलीचे, कपाटे उघडून, चित्रीकरण करा आणि ते, हजेरीपत्रक, शुल्काच्या पावत्या, परवाना आणि कराची विवरणपत्रे संगणकाबाहेर, इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवा. बुडालेले उत्पन्न सिद्ध करायला हजेरीपत्रकाइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

व्हिसाबद्दल विचारलेत. फेमाची वैयक्तिक रोख मदत नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि कायद्याने ठरवलेल्या आणखी काही वर्गांना मिळते. एच-वन-बी किंवा एच-फोरवर असलेल्या व्यक्तीला ती स्वतःच्या नावाने मिळत नाही, परंतु घरात राहणारे अल्पवयीन मूल अमेरिकी नागरिक असेल तर त्याच्या वतीने पालक अर्ज करू शकतात. म्हणून मुलीचा जन्मदाखला आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक तुमच्या कागदांच्या पिशवीत सर्वांत वर ठेवा. तुमच्याकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हे सांगा, कारण ‘आपण व्हिसावर आहोत, आपल्याला काही मिळणार नाही’ असे म्हणून अनेक जण अर्जच करत नाहीत. वैयक्तिक मदतीत मुलांच्या संगोपनाच्या वाढीव खर्चासाठीही एक सदर आहे. वादळामुळे उत्पन्न घटले किंवा महागडी पर्यायी सोय घ्यावी लागली तर पालक ते मागू शकतात. नकाराचे पत्र आले की लोक हात टेकतात. बऱ्याचदा एखादा कागद कमी असल्यामुळेच ते पत्र आलेले असते, आणि ६० दिवसांत अपील करता येते. फेमा अर्जासाठी पैसे घेत नाही. जो कोणी घेतो तो फेमाचा माणूस नव्हे.


केतन_बाबा :

मी पालक म्हणून शुल्काबद्दल लिहितो. आमच्या मुलाच्या पाळणाघरात बंद काळाचे पूर्ण शुल्क घेतले गेले आणि ते आम्ही भरले. पण करारात त्याविषयी एक ओळही नव्हती, त्यामुळे पालकांत उगाच कटुता आली. माझे मत असे की वादळापूर्वीच्या आणि नंतरच्या पहिल्या आठवड्याचे पूर्ण शुल्क घ्यावे, पुढे मूल येऊ शकत नसेल तर जागा राखण्यापुरती ठरावीक रक्कम घ्यावी, आणि पाळणाघरच उघडू शकत नसेल तर दुसऱ्या आठवड्यानंतर काहीही घेऊ नये. आकडे तुम्ही ठरवा, मात्र सही मोसमाआधी घ्या. पाळणाघर शुल्काविना बंद पडले तर शेवटी नुकसान आमचेच होते. शहरात नवीन जागा मिळायला कित्येक महिने लागतात.


शुगरलँडची_मावशी :

केतनरावांच्या मताशी मी अर्धीच सहमत आहे. पाळणाघर उघडू शकत नसताना शुल्क बंद करायचे असेल, तर मदतनीस बाईंचा पगार कोठून द्यायचा तेही ठरवावे लागेल. पगार थांबला की त्या दुसरीकडे कामाला लागतात, आणि मग पाणी आले, वीज आली तरी मुलांच्या संख्येला पुरेशी माणसे नाहीत म्हणून उघडता येत नाही. मी दरमहा शुल्कातला एक लहान भाग वेगळ्या खात्यात ठेवत असे आणि पालकांना तसे सांगितलेले होते. अनुदानावर येणारी मुले असतील तर बंद दिवसांचे पैसे मिळण्याचे नियम तुमच्या भागात या अनुदानाचे काम पाहणाऱ्या ‘अर्ली लर्निंग कोअलिशन’कडे लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.


मृण्मयी_टॅम्पा :

सर्वांचे मनापासून आभार. करारातले कलम आणि मुलांची कार्डे यांचे काम मी या आठवड्यात सुरू करते, आणि त्या दोघी मातांशीही बोलते.

एक प्रश्न राहिला. जुलैपासून माझे सासू-सासरे येथे असतील, आणि माझ्याकडे येणाऱ्या दोन मुलांच्या घरीही आजी-आजोबा असणार आहेत. वादळाच्या आठवड्यात मुले खरे तर त्यांच्याच हाती असतील. माझे सासर दापोलीचे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घरावरचे पत्रे उडालेले आणि बागा आडव्या झालेल्या त्यांनी पाहिल्या आहेत, त्यामुळे वादळात घर सोडायचे नसते, घर राखायचे असते, असे ते ठामपणे म्हणतात. सासऱ्यांना मधुमेह आहे, ते इन्सुलिन घेतात. त्यांच्यासाठी काय तयारी करावी?


परिचारिका_ओरलँडो :

फ्लोरिडात पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा असे सांगतात, आणि तुमच्या सासऱ्यांना हाच फरक समजावून सांगा. निसर्गमध्ये त्यांनी पाहिला तो मुख्यतः वारा होता. टॅम्पा उपसागराच्या काठी समुद्र घरात शिरतो तेव्हा घर राखायला मागे थांबलेला माणूस काहीही करू शकत नाही. तुमचे घर स्थलांतर विभागात नसल्यामुळे त्यांना बहुधा घर सोडावे लागणार नाही, पण ‘ए’ विभागातल्या मुलांच्या आजी-आजोबांना सोडावेच लागेल, आणि तेही काही तासांच्या आत. मुलगा-सून कामावर असतील तर त्यांना कोण नेणार, हे त्या कुटुंबांनी नाव घेऊन ठरवावे. येथे गाडी न चालवणारे आजी-आजोबा आणि आणायला जायचे नातवंड, ही जोडी कोणत्याही आराखड्यात नसते.

औषधे भारतातूनच मुक्कामाच्या काळाहून किमान महिन्याभराची जास्त आणावीत, मूळ वेष्टनात, औषधाचे रासायनिक नाव असलेल्या चिठ्ठीसह. वादळाच्या काळात औषधे मुदतीआधी भरून देण्याची सोय फ्लोरिडात आहे, पण ती येथील विमा आणि येथील चिठ्ठी असलेल्यांना उपयोगी पडते; पाहुण्यांना नाही. इन्सुलिनसाठी बर्फाच्या पिशव्या आणि लहान थंड पेटी ठेवा. इन्सुलिन बर्फाला थेट लागू देऊ नका, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरात असलेले बहुतेक प्रकार खोलीच्या तापमानाला सुमारे चार आठवडे चालतात, मात्र वीज नसलेल्या बंद घरातली उष्णता खोलीचे तापमान म्हणून धरता येत नाही.

सार्वजनिक निवारा पाहुण्यांनाही खुला असतो. ऑक्सिजन किंवा विजेवर चालणारे यंत्र लागणाऱ्यांसाठी काउंटीचे विशेष गरजांचे निवारे वेगळे असतात आणि त्यांची नोंदणी आधी करावी लागते. तुमच्या सासऱ्यांना त्याची गरज दिसत नाही. नेब्युलायझरवर असलेले मूल तुमच्याकडे असेल तर त्याच्या पालकांनी मात्र काउंटीच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाला विचारून, पात्र असल्यास, जूनमध्येच नाव नोंदवून ठेवावे, कारण वादळ मेक्सिकोच्या आखातात आल्यावर त्या कार्यालयाचा फोन लागणे कठीण होते.